दोन कूलर

चंद्रपुरात कूलर म्हणजे खिडकीतला, वाळ्याच्या ताट्यांचा. खेळांसाठी घेतलेल्या संगणकातील प्रोसेसरलाही मोठा कूलर हवा, असे चिरंजीव म्हणाले तेव्हा आम्हां उभयतांना ती चैन वाटावी, हे स्वाभाविक होते. परंतु प्रोसेसरचा पंखा उष्णता नाहीशी करीत नाही. ती खोलीत सोडतो. खोली 25 अंशांवरून 40 वर गेली, की प्रोसेसरही जवळजवळ तितकाच चढतो. इंटेलचे अनेक प्रोसेसर 100 अंशांपाशी स्वतःच वेग उतरवतात. येथील मेमध्ये पारा 45 ओलांडतो. तेव्हा निर्णय डिसेंबरात करून चालत नाही. भर दुपारी, खेळ सुरू असताना आम्ही आकडा पाहिला : 94. धूळ झाडली, पेस्ट बदलली : 83. नवा कूलर आला नाही. मात्र मागणी हट्टाची नव्हती, हे त्याच आकड्यांनी सांगितले.