गॅरेजच खाणीत जातं

२० टनी पोकलेन खाणीच्या तळाशी बंद पडलं, की ते गॅरेजात आणायचा विचार कुणी करत नाही. त्याला लोबेड ट्रेलर हवा, आणि हायड्रॉलिकच बसलं असेल तर ते ट्रेलरवर चढणार कसं? म्हणून गॅरेजच खाणीत जातं. वाघोली-मोशीच्या खडीपट्ट्यात अर्धी हयात घालवलेल्या एका मिस्त्रींनी भोसरीतल्या शेडमध्ये जुन्या टाटा ४०७वर अशा फिरत्या गॅरेजचा हौदा बांधायला घेतला, तेव्हा मी त्यांच्या हाताखाली होतो.

गाडीच्या मूळ रचनेत बदल करायचा तर मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम आड येतं. त्याचे कागद मिस्त्रींनी आधी मार्गी लावले.

त्यानंतरही कटरला हात लावला नाही. साइटवर लागणारी एकूण एक वस्तू त्यांनी काट्यावर चढवली. २०० लिटर हायड्रॉलिक ऑइलचं भरलेलं बॅरल १९० किलोच्या आसपास जातं. पत्र्याचा हिशेबही तोंडपाठ: १ मिलिमीटर जाडीचा चौरस मीटरभर पत्रा ७.८५ किलो. ३ बाय २ मीटरच्या तळाला ५ मिलिमीटरची चेकर प्लेट घातली तर २३५ किलो, ३ची घातली तर १४१. त्यांनी ३ची घेतली आणि बॅरल नि व्हाइस बसणार तेवढ्याच जागी खाली जादा चॅनल दिले. वाचलेल्या वजनात अर्धं बॅरल ऑइल मावतं. जाड पत्रा म्हणजे मजबूत हौदा, या समजुतीपायी कित्येक गाड्या रिकाम्या असतानाच निम्म्या भरलेल्या असतात.

खरं कसब पुढे होतं. खाणीच्या रस्त्यावर एक चाक खड्ड्यात, दुसरं दगडावर. चॅसी सतत पिळते. हौदा तिला सगळीकडून जखडला तर कुठेतरी भेग पडणारच. म्हणून मधे वेगळी सबफ्रेम आली. मागच्या बाजूला ती घट्ट बोल्टांनी कसली, केबिनच्या बाजूला बोल्टांवर स्प्रिंग घातल्या. चॅसीच्या वरच्या-खालच्या पट्टीला भोक नाही, वेल्डिंगचा टाकाही नाही, यावर मिस्त्री अडून बसले होते.

छोटी क्रेन मागच्या कोपऱ्यात, पण थेट सबफ्रेमवर उभी केली. २ मीटरवर ५०० किलो उचलणारा हात ४ मीटरपर्यंत लांबवला, की २५०वरच थांबावं लागतं. तेवढ्यानेही गाडी कलू नये म्हणून दोन्ही बाजूंना टेकूचे जॅक दिले.

ॲसिटिलीनचं मरून सिलिंडर उभंच बांधायचं, कारण आडवं पडलं तर आतलं ॲसिटोन गॅसबरोबर बाहेर येतं. काळं ऑक्सिजन सिलिंडर ग्रीसच्या डब्यापासून लांब, दुसऱ्या बाजूला. शुद्ध ऑक्सिजनला तेलकट हातही चालत नाही. सिलिंडरच्या कप्प्याला हवेसाठी वर-खाली जाळ्या ठेवल्या.

सगळ्यात जास्त जीव त्यांनी एका खणावर लावला. सील किट आणि होजचा खण. ३०० बारपेक्षा जास्त दाबावर चालणाऱ्या पंपाला खडीची बारीक धूळ पुरते. दुरुस्तीच धूळ आत नेणार असेल तर तिचा काय उपयोग? दाराला चहूबाजूंनी रबर लावलं. होजची तोंडं टोपणांनी बंद केली. हा खण केबिनलगत, मागच्या चाकांच्या धुळीपासून दूर ठेवला.

रंगाआधी गाडी सामानासकट वजनकाट्यावर नेली, पुढची चाकं वेगळी, मागची वेगळी. मागे भार जास्त निघाला. मागे बसवलेला कंप्रेसर पुढे सरकवायला मिस्त्रींनी तिथेच त्याचे बोल्ट सोडले.