निष्क्रिय नव्हे
संगणकशास्त्राच्या एका विद्यार्थ्याने भाषांतरासाठी आणून दिलेल्या शोधनिबंधाने मला एका शब्दापाशी अडवून ठेवले आहे. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातील जेफ क्रेमर आणि जेफ मॅगी यांचा हा निबंध १९९० सालचा. अनेक संगणकांवर विखुरलेली यंत्रणा बंद न करता तिचा एखादा घटक बदलायचा कसा, हा त्यांचा प्रश्न. डायक्स्ट्राच्या कोड्यातले, दोन काट्यांसाठी खोळंबणारे तत्त्वज्ञ त्यांनी उदाहरणादाखल घेतले. मात्र येथे जेवण चालू असतानाच एखादा तत्त्वज्ञ उठतो, नवा येऊन बसतो. (पंगतीतून मध्येच उठू नये, हा संकेत त्यांना कोणी सांगितला नसावा!)

बदलायच्या घटकाने आधी 'पॅसिव्ह' व्हावे, असे ते म्हणतात. याला 'निष्क्रिय' म्हणावे, तर अर्थच बिघडतो. हा घटक स्वतः नवा व्यवहार सुरू करत नाही, पण इतरांनी मागितलेले उत्तर देत राहतो. त्याने एकदम तोंड मिटले, तर त्याच्यावर विसंबलेल्यांचे व्यवहार अर्धवट लोंबकळतील. पुढे शेजारीही त्याच्याकडे काही मागेनासे झाले, सारे देणेघेणे पुरे झाले, की येते ती 'क्विएसन्स'. तेव्हाच त्याला काढायचे. बाकीची यंत्रणा आपले काम करतच असते.

या दुसऱ्या अवस्थेला 'उपशम' शोभेल. पहिलीसाठी 'निवृत्त' सुचला होता. पण आपल्याकडे निवृत्ताला कोणी काही विचारत नाही. गीतेत 'आरंभ' हा शब्द हाती घेतलेल्या कर्मासाठी येतो, तो अर्थ धरून मी 'अनारंभी' लिहिले आहे. सहकाऱ्यांना ते जड वाटते. ते पुन्हा 'निष्क्रिय'वर येतात, आणि मी विचारतो, मग उत्तरे कोण देणार?