मीटरच्या अलीकडे आणि पलीकडे

फुकट म्हटलं की आपले कान टवकारतात. अमेरिकेत कितीही वर्षं काढली तरी ही सवय काही जात नाही. त्यामुळे इथली वीज कंपनी जेव्हा धंदेवाल्यांना म्हणते, "तुम्ही विजेच्या गाड्या घ्या, चार्जिंगच्या सोयीचा बराचसा खर्च आम्ही उचलतो," तेव्हा पहिला प्रश्न हाच पडतो की का बुवा? यात हिचा काय फायदा?

आमच्या मंडळातल्या एका काकांनी नेमकं हेच मला विचारलं. त्यांच्या वीस डिलिव्हरी व्हॅन बे एरियात फिरतात. "तू इंजिनिअर ना? मग हे कागद वाच आणि मला मराठीत सांग," असा हुकूम झाला. म्हटलं, जे काकांना सांगितलं तेच इथेही लिहावं.

सुरुवात मीटरपासून करू. मीटरच्या अलीकडचं काम म्हणजे ट्रान्सफॉर्मर आणि रस्त्यावरून येणारी जाड केबल. मीटरच्या पलीकडचं म्हणजे आवारातलं पॅनेल, खणायचे चर, वायरी आणि शेवटी चार्जर. लोक चार्जरची किंमत बघून घाबरतात, पण पुष्कळदा खरा खर्च खड्डे आणि काँक्रीटमध्ये असतो. गावाकडे शेतातल्या पंपाला वीज घ्यायची तर आधी खांब मोजायचे, तसंच हे.

कॅलिफोर्नियाने २०१५ साली एसबी ३५० हा कायदा केला आणि वीज कंपन्यांना वाहतुकीच्या विद्युतीकरणात उतरायला सांगितलं. २०१८ साली राज्याच्या आयोगाने पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिकला ताफ्यांसाठी सुमारे २३ कोटी ६० लाख डॉलर मंजूर केले. उद्दिष्ट होतं ७०० जागा आणि ६,५०० गाड्या. दक्षिणेकडच्या सदर्न कॅलिफोर्निया एडिसनलाही अशीच योजना मिळाली. पुढे २०२० च्या एबी ८४१ या कायद्याने मीटरच्या अलीकडचं काम कंपनीच्या नेहमीच्या खर्चात धरायचं ठरलं.

आता "का बुवा?"चं उत्तर. आयोगाने मान्य केलेल्या भांडवली खर्चावर वीज कंपनीला ठरावीक परतावा मिळतो. शिवाय वीस व्हॅन म्हणजे कायमचं गिऱ्हाईक! आणि मूळ पैसा येतो सगळ्या ग्राहकांच्या बिलातून, म्हणजे माझ्याही. काकांच्या आवारातल्या चरात माझेही चार पैसे आहेत, हे मी त्यांना हसत हसत सांगून ठेवलं :-)

हे योग्य आहे का? मी यावर बराच विचार केला. बंदराजवळच्या वेस्ट ओकलंडमधली माणसं वर्षानुवर्षं ट्रकचा डिझेलचा धूर गिळत आली आहेत. त्यांनी त्याचं बिल कधी कुणाला पाठवलं नाही. चार्जरच्या किमतीवरची वेगळी सूट मुख्यतः शाळांच्या व सार्वजनिक बस आणि अशा वस्त्यांसाठीच होती: निम्म्यापर्यंत खर्च, पण ५० किलोवॅटपर्यंतच्या चार्जरला १५ हजार डॉलर आणि १५० च्या वरच्याला ४२ हजार ही कमाल मर्यादा. म्हणून माझे चार पैसे गेले तर जाऊ देत. पण घरभाड्यानंतर विजेच्या बिलालाच दचकणाऱ्या कुटुंबाकडूनही ते जातात, ही टोचणी राहतेच.

असो. काकांकडे वळू. कंत्राटदाराने हिशेब मांडला होता: वीस चार्जर, प्रत्येकी १९.२ किलोवॅट, एकूण ३८४. आकडा बघून काकांनी चष्मा काढून ठेवला. मी विचारलं, "काका, एक व्हॅन दिवसाला किती फिरते?" म्हणाले, साठ मैल. एका युनिटला दोन मैल धरले तरी तीस युनिटं लागतात. वीस गाड्यांची झाली सहाशे. रात्री नऊ ते पहाटे पाच असे आठ तास हाताशी, म्हणजे सरासरी ७५ किलोवॅट, गळती धरून नव्वद. सगळ्यांना एकदम जेवायला बसवायचंच कशाला? पंगती पाडा! चार्जर आपसात वीज वाटून घेतात, ती सोय असते.

हा फरक नुसता केबलचा नाही. नेहमीच्या व्यापारी दरात महिन्यातल्या सर्वांत मोठ्या मागणीवर डिमांड चार्ज बसतो. पीजी अँड ईने २०२० साली ताफ्यांसाठी वेगळा दर आणला, त्यात किलोवॅटचे ठोकळे आधीच विकत घ्यायचे: १०० पर्यंत दहा-दहाचे, त्यापुढे पन्नास-पन्नासचे. संध्याकाळी चार ते नऊ वीज महाग. अनुदान एकदाच मिळतं, बिल दरमहा येतं.

पण काका अडले ते भलतीकडेच. अट होती की निदान दोन गाड्या घ्यायच्या, वापराची माहिती पाच वर्षं द्यायची आणि सोय दहा वर्षं चालू ठेवायची. काकांचं वय ६१. मुलगा सिएटलला, त्याला धंद्यात रस नाही. आवार भाड्याचं, करार पाच वर्षांचा उरलेला.

"अरे, दहा वर्षांनी मी एकाहत्तर," काका म्हणाले. "त्यांना वायरीची हमी हवी आहे, आणि मला माझीच नाही."

याला माझ्याकडे गणित नव्हतं. मी एवढंच म्हटलं, की आधी मालकाशी बोला, करार वाढतो का बघा, आणि वीसच्या जागी आठ गाड्यांनी सुरुवात करा. केंद्राची ३० टक्के करसवलतही डोक्यात धरू नका, तिला २०२५ च्या कायद्याने ३० जून २०२६ ही अखेरची तारीख घातली आहे. मिळाली तर मिळाली, पण धंदा तिच्याशिवाय उभा राहायला हवा.

मालकाने करार वाढवून दिला. काकूंनी विचारलं, "एकाहत्तराव्या वर्षी तुम्ही घरी बसणार होतात का?" काकांनी आठ गाड्यांवर सही केली.

तुमच्यापैकी कुणी अशा कागदांपुढे बसला असाल तर अनुदानाचा आकडा शेवटी वाचा. आधी जागेचा करार, मग गाडीचे रोजचे मैल, मग रात्रीचे तास.