तासाला तास

जुना लॅपटॉप समोर आला की लोक आधी त्याचा वेग विचारतात. मी त्याच्या कडा बघते. आमच्या 2012 सालच्या लॅपटॉपच्या उजव्या कडेला डीव्हीडीचा ट्रे आहे, डावीकडे व्हीजीए आणि लॅनचं पोर्ट, आणि समोर माइकसाठी एक, हेडफोनसाठी एक अशी दोन वेगळी भोकं. नवे लॅपटॉप बारीक होत गेले तशी यातली बहुतेक दारं बुजत गेली. घरातल्या वस्तू मात्र होत्या तिथंच राहिल्या. बुटांच्या खोक्यातल्या कॅसेट्स, लग्नांच्या सीड्या, मामांनी टाइप करून ठेवलेल्या फायली. त्यांना आजच्या जगात यायचं तर वाट या कडांमधूनच आहे.

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा आधार संपला. 2017 च्या आधीचे प्रोसेसर विंडोज 11 घेत नाही, त्यामुळे धडधाकट यंत्रांवरही म्हातारपणाचा शिक्का बसला. वास्तविक लॅपटॉपमुळे निसर्गावर पडणाऱ्या भाराचा मोठा वाटा तो कारखान्यात तयार होतानाच पडून गेलेला असतो. इतकं मोल आधीच मोजून झालेली वस्तू टाकून देताना जिवाला लागतं. आम्ही आमच्या लॅपटॉपमधली फिरती डिस्क काढून एसएसडी बसवली, 4 जीबीची रॅम 8 केली, लिनक्स मिंट टाकलं. यंत्र उठून बसलं. काढलेली डिस्क जपून ठेवली, तिचं काम पुढे येईल.

अशा लॅपटॉपचं काय करावं याचे सल्ले पुष्कळ मिळतात. टीव्हीला जोडा, घरातल्या फोटोंचा सर्व्हर करा, स्वयंपाकघरात पाककृती बघायला ठेवा. सगळे चांगले आहेत. एका सल्ल्याशी मात्र माझं पटत नाही: ‘कामवाल्या मावशींच्या मुलाला देऊन टाका.’ द्यायचा असेल तर आधी डिस्क बदलावी, प्रत्येक की दाबून पाहावी, बॅटरी नवी घालावी, आणि मग द्यावा. रखडणारं यंत्र मुलाच्या हाती देऊन आपण त्याचा अभ्यास अवघड करतो, आणि वर त्याने आभार मानावेत अशी अपेक्षा धरतो.

आमच्या लॅपटॉपला त्याचं खरं काम कॅसेट्सनी दिलं. आजीच्या जात्यावरच्या ओव्या मावशीने 1989 च्या उन्हाळ्यात टेप केल्या होत्या. कॅसेटची फीत सेकंदाला पावणेपाच सेंटीमीटर सरकते, आणि कोणतंही नवं यंत्र आणलं तरी ती आपल्यासाठी घाई करत नाही. साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटं लागतात. तेवढा वेळ लॅपटॉपने बाकी काही करायचं नाही, मेल उघडायची नाही, मध्येच टुणकन वाजायचं नाही. रोजच्या कामाचा लॅपटॉप इतका मोकळा कधी नसतो. जुना असतो, आणि तासाला तास देतो.

आधी कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घ्यायची, म्हणजे वर्षानुवर्षं एकमेकांवर दाबून बसलेले फितीचे वेढे मोकळे होतात. टेपचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाने पुसायचं. पहिला बोळा तपकिरी निघतो. कॅसेटच्या तोंडाशी धातूच्या पट्टीवर नमद्याचा इवला तुकडा असतो, तो गळून पडलेला असेल तर आवाज गुदमरतो. मग टेपच्या हेडफोनच्या भोकातून वायर लॅपटॉपच्या माइकच्या भोकात. इथे आवाज फार चढा येतो म्हणून टेपचं बटण अगदी खाली ठेवावं लागतं. ऑडॅसिटी हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर उघडायचं आणि त्याचा मीटर लाल होत नाही ना, एवढं बघायचं. माइकचं भोक बहुधा मोनोच असतं. एकट्या माणसाच्या गळ्याला ते पुरतं. मोनोत तासाभराची फाइल साधारण 300 एमबीची होते.

आजी गाता गाता थांबते आणि ‘फिरतंय का गं ते?’ म्हणून विचारते. मावशी हं म्हणते. जात्याची घरघर तेवढ्यापुरती मंद होते, पुन्हा लय धरते. भावाच्या गावाच्या ओव्या सुरू असताना पहिली बाजू संपते, ओळीच्या अर्ध्यात. दुसरी बाजू उघडते तेव्हा आजी पंढरीच्या वाटेवर पोचलेली असते. कॅसेट उलटी करायला मावशीला लागलेल्या त्या क्षणांत भाऊ निरोप देऊन गेला असणार. ती ओवी आता कुणाजवळच नाही. बाकीची सगळी आहे, हे माझ्यासाठी फार मोठं आहे.

हेमा राईरकर आणि गी पॉइट्वां या संशोधकांनी 1980 च्या दशकापासून महाराष्ट्रभर फिरून बायकांच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, हजारावर गावांमधून. ‘पारी’ या संकेतस्थळावर 2017 पासून त्या आवाजासह प्रसिद्ध होत आहेत. ते काम माणसांच्या अनेक वर्षांच्या चिकाटीचं आहे. पण प्रत्येक घरातल्या आजीपर्यंत कुणी संशोधक पोचू शकत नाही. तिथे घरातल्याच कुणीतरी बसायला हवं, एक वायर आणि एक जुनं यंत्र घेऊन.

मामांच्या फायलींची गोष्ट वेगळी. गावच्या वाचनालयाची स्मरणिका त्यांनी युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केली. त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले असत. फॉन्ट नसला की पानभर रोमन अक्षरांची आणि चिन्हांची गिचमीड दिसते. तळाचे स्क्रू काढून जुनी डिस्क परत लावली, विंडोज 7 सुरू झालं आणि स्मरणिका जशीच्या तशी उघडली. आता तिचं युनिकोड करणं चालू आहे. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये अक्षरानंतर. कन्व्हर्टर पुष्कळसं सांभाळतो, जोडाक्षरांपाशी आणि रफारापाशी अडखळतो. म्हणून ओळ न् ओळ डोळ्यांखालून घालावी लागते. ही डिस्क लावलेली असताना इंटरनेट मी अजिबात जोडत नाही. तिला सुरक्षेचे अपडेट मिळणं 2020 च्या जानेवारीतच थांबलं आहे.

बॅटरीकडेही लक्ष हवं. आमची फुगली होती, तळाचं झाकण उचलून धरत होती. ती काढून ई-कचरा घेणाऱ्यांकडे दिली, कारण फुगलेली लिथियम बॅटरी टोचली किंवा दाबली तर पेट घेऊ शकते. आता लॅपटॉप थेट विजेवर चालतो, म्हणून रेकॉर्डिंग वीज जाण्याच्या वेळा टाळून, सकाळी लवकर करते. झालेली फाइल दोन वेगळ्या डिस्कवर आणि एक मावशीकडे, अशी तीन ठिकाणी जाते.

परवा शेजारच्या काकूंनी त्यांच्या वडिलांच्या कीर्तनाची कॅसेट आणून दिली. फीत तुटलेली आहे. कोपऱ्यांतले आणि मधला असे पाच स्क्रू काढून दोन्ही टोकं हाती लागली आहेत. सांधायला साधी सेलोटेप चालत नाही, तिचा डिंक पाझरून शेजारच्या वेढ्यांना आणि हेडला चिकटतो. स्प्लायसिंग टेप मागवली आहे. काकूंना रविवारी सकाळी यायला सांगितलंय. वडील कोणतं आख्यान लावत आहेत हे त्या पहिल्या दोन वाक्यांत ओळखतील, आणि फाइलला नाव तेच देऊ.