बुरशी बाहेरून आली नव्हती

मागच्या अंकासाठी मंडळाने लेख मागितला तेव्हा मी आयसीयूच्या बाहेरच्या बाकावर होतो. आज घरात बसलोय. शेजारच्या खोलीतून बाबांच्या मागाची खटखट ऐकू येतेय, म्हणून लिहिता येतंय.

आम्ही बेळगावातल्या वडगावचे. घरात दोन माग. बाबा दिवसाचे दहा-बारा तास मागापुढे उभे असायचे, त्यामुळे गुडघे दुखायचे. "कॉलेजातनं येताना पट्टी घेऊन ये की रे," म्हणायचे. मी मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्यांची पट्टी आणायचो. डॉक्टरची चिठ्ठी कुणी मागितली नाही. सकाळी नुसत्या चहावर एक गोळी, रात्री एक. वर्षभर हेच चाललं.

एका पहाटे बाबा पोट धरून खाली बसले. पोट फळीसारखं कडक झालं होतं. अल्सर फुटून जठराच्या पुढे, लहान आतड्याच्या सुरुवातीलाच छिद्र पडलं होतं. लगेच ऑपरेशन झालं. छिद्रावर पोटातल्याच चरबीच्या पडद्याचा तुकडा बसवून टाके घातले. आम्हाला वाटलं, सुटलो.

सहाव्या दिवशी ताप चढला. पोट फुगलं, नळीतून येणारं पाणी गढूळ झालं. अँटिबायोटिक बदललं, तरी ताप हटेना. नळीतलं पाणी तपासायला दिलं. रिपोर्ट आला : कॅन्डिडा अल्बिकन्स.

मी बीएस्सीला मायक्रोबायोलॉजी घेतलंय. ही बुरशी मला परकी नव्हती. प्रॅक्टिकलला प्लेटवर तिच्या सायीसारख्या पांढऱ्या वसाहती पाहिल्या होत्या. मायक्रोस्कोपखाली कळी फुटल्यासारख्या दिसणाऱ्या तिच्या पेशी जर्नलमध्ये रंगीत पेन्सिलीने काढून दहापैकी नऊ मार्कही घेतले होते. पण बाबांच्या पोटात ती कुठून आली, हे काही मला सुचेना.

काकांना मात्र लगेच सुचलं. "हॉस्पिटलातच लागली ही. हात धुतात काय हे लोक? पेपरात देऊया." मी मान डोलावली. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. दोष द्यायला कुणीतरी सापडलं होतं.

संध्याकाळी काकांनी सर्जनना तोंडावरच विचारलं. डॉक्टर चिडले नाहीत. कानडी वळणाच्या मराठीत त्यांनी सावकाश समजावलं. बाहेरून बुरशी येऊ शकते, नाही असं नाही. पण कॅन्डिडा आपल्यापैकी पुष्कळांच्या आतड्यात मुळातच असते. तिथले जिवाणू तिला दाबून ठेवतात, म्हणून ती त्रास देत नाही. छिद्र पडलं की ती आतड्यातून पोटाच्या पोकळीत उतरते. वरच्या आतड्याचं छिद्र असेल तर तिथे ती जास्त वेळा सापडते. त्यात आम्ही देतो ती अँटिबायोटिक जिवाणू मारतात, बुरशीला काही करत नाहीत. शेजारी गेले, घर हिला मोकळं. पेशंट थकलेला, मग ती वाढते.

"मग औषध द्या की," काका म्हणाले.

"औषध आजच सुरू करतो. पण नळी सहा दिवसांची आहे. बुरशी नुसती नळीवर बसली असेल, तर त्याला आजार म्हणत नाहीत. आणि आत गळत असेल, तर नुसत्या औषधानं भागत नाही. आधी सीटी करूया."

सीटीत गळती दिसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा पोट उघडलं, सगळं धुऊन काढलं, गळती बंद केली. त्या वेळी आतलं ताजं पाणी पुन्हा लॅबला दिलं. त्यातही कॅन्डिडाच निघाली. रक्ताच्या कल्चरमध्ये मात्र काहीच उगवलं नव्हतं. पोटात एवढं चाललेलं असूनही रक्ताचा रिपोर्ट कोरा येऊ शकतो, हे मी त्या दिवशी शिकलो.

कॅस्पोफंजिन रोज सलाइनमधून जायचं. ते बुरशीच्या पेशीभित्तिकेतलं ग्लुकन बनू देत नाही. माणसाच्या पेशीला अशी भिंतच नसते, म्हणून मार बुरशीवर पडतो. परीक्षेत हे मी चार ओळींत लिहिलं होतं. इथे एकेका बाटलीचं बिल बघत होतो. आईच्या पाटल्या गेल्या. पुढे फ्लुकोनॅझोलवर आणलं. ताप उतरायला आठवडा लागला, घरी यायला महिना.

काका पेपरात गेले नाहीत. पण माझ्या डोक्यातलं थांबेना. बुरशी बाबांचीच होती. तिला वाट मिळाली छिद्रातून, छिद्र पडलं अल्सरने, अल्सर झाला गोळ्यांनी, आणि गोळ्या आणल्या मी. पुस्तकातल्या 'दुष्परिणाम' या शब्दाखाली मी स्वतः पेन्सिलीने रेघ मारली होती. तरी कॉलेजातून येताना मेडिकलपुढे सायकल थांबवताना तो शब्द एकदाही आठवला नाही.

घरी आल्यावर चौथ्या दिवशी बाबांना पेज भरवताना हे सगळं बोलून टाकलं. बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तू आणल्यास, मी खाल्ल्या. गुडघा डॉक्टरला दाखवायचा, तर एक दिवस माग बंद ठेवावा लागला असता. तेवढं केलं नाही मी." आणि वाटी पुढे केली, "आणि थोडी घाल."

आता दर महिन्याला एक सोमवार माग बंद असतो. बाबांना सायकलवर मागे बसवून मी दवाखान्यात नेतो. वाटेत ते मेडिकल लागतं. बाबा हसून म्हणतात, "थांबू नकोस, चल."

माझ्या जर्नलमधलं ते चित्र अजून आहे. खाली आढळस्थान लिहायला जागा होती, ती मी रिकामी सोडली होती. तिथेच एक मार्क गेला होता. परवा ती भरली : माणसाचं आतडं.