छत्तीस तास

लग्नाला पाच-सहा वर्षं झाली, घर घेतलं, की मंडळाच्या हळदीकुंकवात 'गोड बातमी केव्हा?' हा प्रश्न ठरलेला. आम्ही हसून तिळगुळाच्या डब्याकडे वळायचो.

आम्ही दोघंही इंजिनिअर, इथलेच एम.एस. आधी मोजायचं, मग बोलायचं, ही सवय. न्यू जर्सीतल्या डॉक्टरांनीही मोजूनच सुरुवात केली. गर्भनलिका मोकळ्या आहेत का हे पाहिलं आणि वीर्यतपासणी केली. ही तपासणी सगळ्यात सोपी आणि स्वस्त, तरी आपल्याकडे ती शेवटी होते! शुक्राणू थोडे कमी निघाले. फारच कमी असते तर थेट आयव्हीएफ. थोड्या कमीला आययूआय करून पाहतात.

पाच दिवस गोळ्या, मग सोनोग्राफी, मग स्त्रीबीज बाहेर पडावं म्हणून एक इंजेक्शन आणि साधारण ३६ तासांनी आययूआय. २०२५ च्या जानेवारीत पहिली वेळ आली ती शनिवारी. रात्री दहाला मंडळाचं नाटक ऐन रंगात, आणि आम्ही पार्किंग लॉटमध्ये गाडीत बसून सुई टोचतोय! सोमवारी सकाळी घरून नमुना न्यायचा तो तासाभरात पोचला पाहिजे, गार होता कामा नये. बाहेर बर्फ, डबी कोटाच्या आतल्या खिशात. लॅबमध्ये तो धुऊन चपळ शुक्राणू वेगळे करतात, बारीक नळीनं गर्भाशयात सोडतात. पाच मिनिटांचं काम. त्यानंतरचे दोन आठवडे मात्र सरत नाहीत.

आमच्या वयाला डॉक्टरांनी दर फेरीला १० टक्के शक्यता सांगितली. म्हणजे तीन फेऱ्यांचे ३० नव्हेत, २७. ७३ विरुद्ध जातात हे कागदावर मांडता येतं. फोनवर नर्सचा आवाज ऐकताना त्याचा काही उपयोग होत नाही.

खर्चाचं एक सांगून ठेवतो. २००१ च्या कायद्यामुळे न्यू जर्सीत बऱ्याच मोठ्या कंपन्यांच्या विम्यात हे उपचार येतात, पण कंपनी विम्याचा भार स्वतः उचलत असेल तर तो कायदा लागू नाही. आधी एच.आर.ला विचारा.

दुसरी फेरी फुकट गेल्यावर पुण्याला आईंना स्पीकरवर सगळं सांगितलं, कोणाचा आकडा कमी तेही. बराच वेळ पलीकडे काहीच नाही. मग म्हणाल्या, "मग या पोरीला मी सोळा सोमवार कशाला करायला लावले?" त्यावर आम्ही काय बोलणार?

एप्रिलमधली तिसरीही गेली. चौथी करावी का यावर दोन रात्री वाद झाला. वय पाहता आयव्हीएफ ठरलं. त्याची इंजेक्शनं बरीच, शिवाय काही फ्रीजमध्ये ठेवायची. आईंनी परवा एवढंच विचारलं, "दह्याच्या भांड्याशेजारी ठेवली तर चालतात ना रे?"