पढणे, वाचणे, शिकणे

बालाघाटात आमच्या घराण्याची ही चौथी पिढी. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना झाली. वैनगंगेकाठचा भंडारा मुंबई राज्यात गेला आणि त्याच नदीकाठचा आमचा बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. तेव्हापासून शाळा हिंदी आणि घर मराठी, असा आमचा दुहेरी संसार चालला आहे.

या संसारात सगळ्यात जास्त ओढाताण होते ती एका साध्या क्रियापदाची. हिंदीत पुस्तक 'पढते' हैं, दसवीं में 'पढते' हैं आणि परीक्षेसाठीही 'पढते'च हैं. आपण मात्र पुस्तक वाचतो, दहावीत शिकतो आणि परीक्षेचा अभ्यास करतो. 'पढणे' आपल्याकडेही आहे, पण ते पोपटाचे! समर्थांनी दासबोधात पढतमूर्खाची लक्षणे सांगून ठेवली आहेत, ती काही उगीच नव्हेत.

पुण्याला स्पॅनिश शिकणारी माझी भाची सांगत होती, त्या भाषेतही वाचायला 'लेएर', अभ्यासाला 'एस्तुदियार' आणि शिकण्याला 'आप्रेंदेर' अशी तीन निराळी क्रियापदे आहेत. ऐकून बरे वाटले. एवढ्या दूरचे लोकही आपल्यासारखेच तीन खण करून बसले आहेत म्हणायचे.

आमच्या घरात मात्र हे खण मोडत चालले आहेत. हिंदी पाठ्यपुस्तकात धड्याखालच्या प्रश्नांना 'अभ्यास' म्हणतात. सूनबाई विचारते, "अभ्यास झाला का रे?" नातू लिहिलेली पाच उत्तरे दाखवून मोकळा होतो. धडा वाचलेलाच नसतो! पण त्याच्या हिशेबी तो खरेच बोलत असतो. काय करतोस म्हटले, तर म्हणतो, "पढून राह्यलो."

याचे हसू येई, तोवर ठीक होते. गेल्या हिवाळ्यात सौ. मोठ्या दुखण्यातून उठली. मी नातवाला म्हटले, "तुझी आजी वाचली रे बाबा!" त्याने निरागसपणे विचारले, "कोणतं पुस्तक?"

घरात सगळे हसले. माझ्या मनात मात्र कुठेतरी तुटले. एवढा मोठा आनंद मी त्याला त्याच्याच भाषेत सांगितला आणि तो त्याच्यापर्यंत पोचला नाही.

हिंदीशी आमचे भांडण नाही. तिच्यावरच आमची चूल पेटते. पण तेव्हापासून रोज संध्याकाळी मी नातवाला शेजारी बसवतो आणि मराठीतले एक पान मोठ्याने वाचायला लावतो. अडखळतो, पण वाचतो.